कारणाचा रकाना

शाहूपुरीतल्या बँकेत परदेशातून येणारे पैसे निशा बघायची. परदेशी बँकेचा संदेश संगणकावर कुलूपबंद येतो, सांकेतिक किल्ली जुळली तरच उघडतो. आणि एकदा उघडला की त्यात सांगितलेलं मुकाट करायचं, ही तिथली शिस्त.

जर्मनीत असलेल्या अनेकांत नावाच्या मुलानं वडिलांच्या खात्यावर पैसे पाठवले होते. कारणाच्या रकान्यात होतं: 'वडिलांचा अंत्यविधी.'

वडील, जयसिंगपूरचे तात्यासो, तिच्या समोरच्या खुर्चीत टोपीनं वारा घेत बसले होते.

"आलं न्हवं पैसं, पोरी?"

"एक चूक हाय तात्या. विचारून घेते."

तिनं त्याच कुलूपबंद वाटेनं कळवलं: 'खातेदार जिवंत आहेत, माझ्यासमोर बसले आहेत. कारण दुरुस्त करा.'

किल्ली जुळली. उत्तर उघडलं: 'कारण बरोबर आहे. त्यांना उठू देऊ नका.'

निशानं स्क्रीन तात्यांच्या नजरेआड वळवली.

"उद्या येतो की," खुर्चीच्या हातांवर जोर देत तात्यासो म्हणाले. "एसटी चुकंल."

जावा, आत्ताच्या आत्ता जावा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांची सवय बोलून गेली, "बसा की तात्या. चहा सांगते."

तात्यासो बसले.

निशाचं बोट की-बोर्डला लागलंही नव्हतं. तरी किल्ली जुळली आणि स्क्रीनवर नवा संदेश उघडला.

'आभारी आहोत.'