तीन लिटर डिझेल

दुकानदाराने काउंटरवर बॅटरी उतरलेली गाडी सुरू करायचे तीन जंप स्टार्टर ओळीने मांडले आणि विचारलं, "इंजिन केवढं आहे, ताई?"

"तीन लिटर. डिझेल."

"मग हा छोटा विसरा." त्याने पहिला बाजूला सारला. "मोठ्या डिझेलला झटका दणकून द्यावा लागतो. मधला चालेल, पण थंडीत कुरकुरेल. मोठाच न्या. लिथियमचा आहे, वजन काही फार नाही. साहेब एका हाताने उचलतील."

"साहेब गेले," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले."

कुणी पत्ता विचारावा आणि आपण सांगावा, तशा आवाजात. हल्ली ती सगळंच तशा आवाजात सांगायची. मृत्यूचा दाखला मागतानाही आणि दूधवाल्याला एक पिशवी कमी कर म्हणतानाही. कधीतरी रडू येईल म्हणून ती वाट पाहत होती, पण ते काही येत नव्हतं.

दुकानदार चपापला. "अरेरे" म्हणावं तर चेहरा असा कोरा की तेही म्हणवेना. तेवढ्यात तिने पिशवीतून एक छोटा जंप स्टार्टर काढला. बाजूला सारलेल्याचा जुळा भाऊच. दोन वर्षांपूर्वी तिनेच तो इथून नेला होता.

"हा बिघडलाय का, तेवढं बघून सांगा."

हाताला काम मिळाल्यावर दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. त्याने दिवे पाहिले, मीटर लावला, वायर ओढून पाहिली. "ठणठणीत आहे."

"मग त्या दिवशी चालला का नाही? चिमटे बरोबर लावले होते. सेल्फ मारला की नुसतं टकटक, टकटक."

"बॅटरी पारच मेली होती का?"

"गाडी महिनाभर उभी होती. आतला दिवासुद्धा लागत नव्हता."

"मग हे बटण दाबलं होतं का?" त्याने कडेचं रबरी बटण दाखवलं. "बॅटरी पार मेलेली असली की याला ती दिसतच नाही. हे तीन सेकंद दाबून धरायचं, मग सेल्फ मारायचा. अर्धे लोक दाबत नाहीत आणि मग येऊन माझ्या नावाने शंख करतात."

"दाबलं असतं तर? भर दुपार होती. ऊन होतं."

"विकताना मी मोठाच घ्या म्हणतो, ताई. पण खरं विचाराल, तर उन्हात एखाद्या वेळेला हाही उचलतो. झाली असती सुरू." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

तिला हे ठाऊकच होतं. तिच्या मुलालाही ठाऊक होतं. बाप गेल्यावर चौथ्या दिवशी त्याने याची माहितीपुस्तिका शोधून काढली. नवव्या पानावर चौकटीत ते बटण होतं. त्या दुपारी चिमटे त्यानेच लावले होते, किल्ली त्यानेच फिरवली होती. बाप मागच्या सीटवर छाती धरून बसला होता. शेवटी अँब्युलन्स आली ती चाळीस मिनिटांनी, आणि डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. ते नववं पान वाचल्यापासून मुलाने तोंडातून ब्र काढला नव्हता. वाढलं तर जेवायचा, हाक मारली तर यायचा. पुस्तिका उशाशी उघडी असायची.

"माझा मुलगा गाडी लावून येतोय," ती म्हणाली. "त्याला सांगा, बटण दाबून काही उपयोग नव्हता. एवढ्या इंजिनाला हा पुरलाच नसता."

दुकानदाराने मीटरची वायर गुंडाळली. मग म्हणाला, "विकलेल्या मालाला मी नावं ठेवत नाही, ताई. तीस वर्षांत कधी ठेवली नाहीत."

"आज ठेवा."

मुलगा आत आला. काउंटरवरचा छोटा जंप स्टार्टर दिसताच त्याने मान वळवली आणि वायपरच्या खोक्यांकडे बघत उभा राहिला. दुकानदाराने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हा लावला होता का तुम्ही, दादा?" तो मोठ्याने म्हणाला. "तीन लिटरच्या डिझेलला? अहो, बटण दाबून दाबून बोट झिजलं असतं, तरी इंजिन हललं नसतं!"

मुलाने मान इकडे वळवली.

इथवर ठीक होतं. पण स्वतःच्याच मालाला नावं ठेवल्यावर दुकानदाराला दुकानाची अब्रू आठवली. "ताईंना मी तेव्हाच सांगितलं होतं, मोठा न्या म्हणून. त्यांनी ऐकलं नाही."

असं काही तो बोलला नव्हता. हा छोटाच छान आहे म्हणून त्यानेच तो तिच्या हातात ठेवला होता. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली.

"आई?" आवाज घोगरा होता, इतक्या दिवसांत न वापरलेला. "सांगितलं होतं तुला यांनी?"

"हो."

"मग?"

"मला हा बरा वाटला. सुटसुटीत."

"सुटसुटीत!" त्याने काउंटरवर मूठ आपटली. "बाबा मागे बसले होते, आई! मला म्हणत होते, घाई करू नकोस, होईल सुरू. मला धीर देत होते ते! आणि तू... सुटसुटीत म्हणून..." पुढचं नीट कळेना. तो ओरडत होता, हुंदके देत होता, मधेच श्वास अडकून परत ओरडत होता. रस्त्यावरचे दोघेतिघे दारात येऊन थांबले. ती काउंटरला टेकून उभी होती आणि त्याचा शब्द न् शब्द ऐकत होती.

दुकानदार घाबरून काउंटरमागून बाहेर आला. "दादा, अहो दादा, आईला असं बोलू नये..."

तिने हात आडवा धरून त्याला थांबवलं.

"बोलू द्या त्याला," ती म्हणाली.