आईचं ग्राफिक्स कार्ड

"आई, तुझा लॅपटॉप जुना झालाय. नवा गेम त्यावर चालणार नाही. राहू दे आता," बंगळूरहून निनाद म्हणाला. दर रविवारी हेमलताबाई त्याच्यासोबत ऑनलाइन गेम खेळायच्या. मायलेकांच्या गप्पा तेवढ्यातच व्हायच्या.

आपल्या लॅपटॉपमधलं, गेमची दृश्यं दाखवणारं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं, हे कळल्यावर त्यांनी त्याला चालेल असं नवं कार्ड शोधून मागवलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून जुनं काढलं, नवं बसवलं. बटण दाबलं, तर स्क्रीन काळीच. मग पुन्हा सगळं उघडून त्यांनी कार्ड नीट दाबून बसवलं. या वेळी स्क्रीन उजळली.

रविवारी त्या गेममध्ये शिरल्या, तेव्हा निनादचे मित्रही खेळत होते. "ही कोण रे नवीन?" एकाने विचारलं.

"माझी आई!" निनादच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "लॅपटॉपचं कार्ड स्वतः बदलून आलीय. जपून खेळा."