अकरावा कंपायलर

पडद्यावरचे दहा दिवे हिरवे झाले आणि अकरावा लाल. तिसऱ्यांदा.

धाकटीने खुर्ची मागे ढकलली. ऑफिसात सगळ्यांत लहान म्हणून तिला हे नाव पडलं होतं. चार महिने ती एकाच कामाला जुंपलेली होती. पाणीपुरवठ्याच्या पंपांचा आराखडा दिला की त्यावरून सी भाषेतला प्रोग्राम आपोआप लिहून देणारा एक जुना प्रोग्राम त्यांच्याकडे होता. सगळे त्याला ‘कारकून’ म्हणत. कारकून न कंटाळता हजारो ओळी लिही, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या वळणाने. धाकटीने त्याला नवं वळण लावलं होतं.

कारकुनाने लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात उतरवायचं काम कंपायलरचं. अकरा पंपघरं, अकरा कंपायलर, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. दहांनी नवं लिखाण गुमान गिळलं. अकराव्याला पहिल्याच ओळीला ठसका लागला.

“काढून टाका ना त्याला यादीतून!” धाकटी वैतागली. “तो माझ्या ताईपेक्षा मोठा आहे.”

“म्हणजे ताईला घराबाहेर काढलंस वाटतं?” शेजारच्या टेबलावरून मास्तर म्हणाले.

कारकुनाला मास्तरांनीच घडवलं होतं, आणि धाकटीलाही. त्यांचा नियम साधा होता. एकाही पंपघराचं पाणी अडता कामा नये. पाच वाजेपर्यंत अकराही दिवे हिरवे झाले तर नवा कारकून रुजू, नाहीतर चार महिन्यांची मेहनत बासनात. घड्याळात सव्वाचार झाले होते.

“मास्तर, त्या अकराव्या पंपघरालाच नवा कंपायलर घ्यायला सांगू या.”

“अगं, साधी माणसं ती. जुन्या यंत्रावर कसंबसं भागवतात. त्यांच्यासाठीच तर इतकी वर्षं मी कारकुनाला कुणालाही हात लावू दिला नाही.”

“पण त्यांना कधी विचारलंत?”

उत्तराची वाट न पाहता धाकटीने फोन लावलाही. स्पीकर चालू केला.

“पंपघर! मोठ्याने बोला, मोटर चालू आहे!” एका बाईंचा खणखणीत आवाज खोलीभर घुमला.

“मी कारकुनाच्या ऑफिसातून बोलतेय,” धाकटी ओरडली. मग जरा चाचरली. “म्हणजे, राग मानू नका, पण तुमचा कंपायलर फार जुना झालाय. नवा घ्यायला जमेल का तुम्हाला?”

पलीकडे बाई जे हसत सुटल्या ते थांबेचनात.

“अगं पोरी, नवा येऊन तीन वर्षं झाली! दुसऱ्या यंत्रावर बसवून तयार ठेवलाय. पण त्याला तुमच्या कारकुनाचं लिखाण मुळीच पसंत पडेना. साडेतीनशे चुका काढल्या मेल्याने! आमचं घोडं जुन्यावरच अडलं मग.”

“अहो, मग आम्हाला कळवायचं नाही का?”

“कळवणार होते ना! पत्रसुद्धा लिहून झालं होतं. पण आमचे साहेब म्हणाले, तिथल्या मास्तरांचं वय झालंय, आता त्यांना कुठे नवं शिकायला लावायचं? आपणच सांभाळून घेऊ.”

“पाठव गं नवं लिखाण त्यांच्या त्या नव्या यंत्राकडे,” मास्तर हसत म्हणाले, आणि पाचच्या आत अकरावा दिवा हिरवा झाला.