पडद्यावरचा पाणबुड्या

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. फिजीतल्या आमच्या बेटावरच्या एका लेकराची एवढीशी गोष्ट सांगतो.

शाळेला प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञानाचे प्रयोग संगणकाच्या पडद्यावरच होतात. त्या दिवशी खोल समुद्रातल्या पाणबुड्याला वर आणायचं होतं. घाईनं आणला, की त्याच्या रक्तात बुडबुडे होत आणि तो मरे. पोरं त्याला भराभर वर ओढून मारत होती आणि खिदळत होती. नुकतीच दुसऱ्या बेटावरून मावशीकडे राहायला आलेली मेरेसेइनी मात्र त्याला तसूतसूनं वर आणत होती. जेवणाची घंटा झाली तरी ती जागची हलेना.

"अगं बये, चित्र आहे ते!" शेजारचा सेमेसा म्हणाला. "मेला तर पुन्हा बुडव. आणि तुझ्या वाटचा उकडलेला कसावाकंद मी खाल्ला तर रडायचं नाही हं!"

"खा तूच," ती मान न वळवता म्हणाली. "मला मुळीच भूक नाही. त्याला येऊ दे सावकाश."

"पोरी, गुण मिळाले तुला, ऊठ आता," मास्तरही म्हणाले. ती उठली नाही.



गेल्या वर्षी समुद्रकाकड्या, म्हणजे विकायचे ते मऊ समुद्रजीव, काढायला पाठीवर हवेची टाकी बांधून तळाशी उतरलेल्या बापाची दोरी, "भूक लागली" म्हणून, 'वर ये' अशी खूण करत होडीतून तिनंच ओढली होती. तो तसाच झरकन वर आला, हसत तिला घास भरवला आणि किनारा लागायच्या आत गेला. आज सांजेला देवापुढे हात जोडाल, तेव्हा मेरेसेइनीला आठवा.