बुधवारची चौकट
सोमवारी आठवड्याच्या कामांचा तक्ता साहेबांपुढे ठेवायचा, खाली आपल्या नावाचा शिक्का मारायचा. ओसाकातल्या आमच्या कचेरीत तो साहेबांच्या शिक्क्याकडे कलता मारतात, वाकून नमस्कार केल्यासारखा. अकरा वर्षं मीही तसाच मारला. आज कुरामोचीसाहेबांनी बुधवारच्या चौकटीवर बोट ठेवलं. "पाचनंतर कोरं? सहलीला चाललात? निशिनोच्या तक्त्यात कधी जागा उरायची नाही." निशिनो महिन्यापूर्वी खुर्चीतच कोसळला होता, इस्पितळातून अजून परतलेला नाही. "म्हणूनच कोरं ठेवलंय, साहेब. जड कामं मंगळवारपर्यंत उरकतेय, दोन बैठका काढून टाकल्यात. बुधवारी पाचला मी घरी." "काम उरलं तर?" "गुरुवार आहे की." कळफलकांची टकटक थांबली. साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. "चौकट भरा, मगच आणा." मी शिक्का लाल शाईवर टेकवून त्याच चौकटीत दाबला. "घ्या, भरली." माझं नाव ताठ उभं होतं.