माहेरचं बाळंतपण

"मागची भिंत पावसाळ्यात ओलावते हं," घर बघायला आलेल्या तिसऱ्या गिऱ्हाइकालाही बाबांनी सांगून टाकलं. ते जोडपं आल्या पावली परत गेलं.

आठव्या महिन्यातल्या मृण्मयीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझाऱ्या घालत होती. "घर विकून बाळ यायच्या आत माझ्याकडे राहायला येतो, असं तुम्हीच म्हणालात ना, बाबा?"

"म्हणालो खरा." बाबा खिडकीशी घुटमळले. "पण पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तुझी आई नाही, तर मी करीन म्हटलं."

ती थबकली. मग तिने एजंटला फोन लावला. "घर विकायचंय, पण बाळंतपण झाल्यावर."

फोन ठेवते तोच स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं, "बाळंतिणीला वांगं चालतं का गं?"