उपस्थितांपैकी कोणीही

विद्यापीठाच्या फाटकावर अंगाचा रंग बघून झडती घेतात, म्हणून आम्ही बायकांनी गट उभा केला. पहिला नियम मीच फळ्यावर लिहिला होता: एकीला अडवलं की दुसरीने शेजारी उभं राहून विचारायचं, "हिलाच का?"

एका सोमवारी माझा गोरा चेहरा बघून पहारेकऱ्याने मला हसून आत सोडलं आणि माझ्याबरोबरच्या सफाईवाल्या मावशींची पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, चष्मा, गोळ्या, बदलायचे कपडे. मी घाईघाईने वही काढली. शोधनिबंधासाठी डोळ्यांदेखत घडलेला असा एक प्रसंग मला हवाच होता. वेळ, त्याचे शब्द, वस्तूंची यादी, सगळं जसंच्या तसं उतरवलं.

निबंध छापून आला, तेव्हा मी तो गटात मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी तेवढ्या मांडीवरच्या पिशवीचा बंद चाचपत बसल्या होत्या.

"छान लिहिलंय, ताई. ते उपस्थितांचं वाक्य परत एकदा वाचता?"

मी वाचलं. "उपस्थितांपैकी कोणीही हस्तक्षेप केला नाही."

मावशींनी हळूच विचारलं, "पहारेकरी सोडला, तर तिथे दुसरं कोण होतं हो?"